अनुभवपत्रात काम कुठे आहे? माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांस खुले पत्र

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख,
महाराष्ट्रातील सर्व माहिती तंत्रज्ञान कंपन्या



सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या नोकरीत आणि बढतीत कामाचा अनुभव अधिक मोलाचा, की क्लाउड, जावा, टेस्टिंग अशा विषयांतील व्यावसायिक प्रमाणपत्रे अधिक मोलाची, हा प्रश्न हिंजवडी-खराडीत नोकरी शोधणाऱ्या तरुणांपासून महाविद्यालयांच्या प्लेसमेंट कक्षांपर्यंत सर्वत्र विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेलेच मिळते : दोन्हींचा मेळ घाला. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ज्याला ते दिले जाते त्याच्या ते उपयोगाचे नाही, कारण कशाला किती वजन द्यायचे हे त्याच्या हाती नसते. ते ठरते अर्जांना चाळणी लावणाऱ्या आपल्या विभागांत. याच विभागांतून, कंपनी सोडून जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाती अनुभवपत्र नावाचा एक कागदही दिला जातो. प्रस्तुत पत्राचा रोख मुख्यतः त्या कागदावर आहे. प्रमाणपत्रांचा आज जो सुकाळ झाला आहे त्यामागे, इतर कारणांबरोबरच, अनुभवपत्र कामाविषयी चकार शब्द काढत नाही हेही एक मोठे कारण आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

प्रथम प्रमाणपत्राविषयी. पदवी विद्यापीठ देते आणि ती जन्मभर टिकते. व्यावसायिक प्रमाणपत्र मात्र बहुधा ते तंत्रज्ञान विकणारी कंपनीच देते, एका परीक्षेच्या बळावर देते आणि बहुतेक वेळा मुदत घालून देते. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचे, म्हणजे एडब्ल्यूएसचे, प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर सेवेची असोसिएट व एक्स्पर्ट पातळीची प्रमाणपत्रे दरवर्षी एक विनामूल्य ऑनलाइन चाचणी देऊन जिवंत ठेवावी लागतात. या प्रथेला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या 'एमसीएसई' या प्रमाणपत्राला एवढी मागणी आली, की प्रश्नोत्तरे पाठ करून उत्तीर्ण झालेल्या, पण सर्व्हर कधी हातात न घेतलेल्या उमेदवारांसाठी 'पेपर एमसीएसई' असे कुत्सित नाव अमेरिकेत रूढ झाले. आज परीक्षेतील प्रश्नांचे चोरून जमवलेले संच, ज्यांना या व्यवसायात सरसकट 'डम्प' म्हणतात, ते त्याच रोगाचे पुढचे रूप होय.

सर्वच परीक्षा मात्र एका मापाने मोजता येत नाहीत. चार पर्यायांतून एक निवडण्याची परीक्षा आणि हाताने काम करून दाखवण्याची परीक्षा यांत मूलभूत फरक आहे. सिस्को कंपनीने नेटवर्किंगमधील आपल्या 'सीसीआयई' या प्रमाणपत्रासाठी १९९३ पासून प्रत्यक्ष प्रयोगशाळेतील चाचणी ठेवली. रेड हॅटने १९९९ पासून लिनक्सच्या 'आरएचसीई' परीक्षेत उमेदवाराला यंत्रासमोर बसवले. आणि कुबरनेटीस, म्हणजे अनेक सर्व्हरांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांचे व्यवस्थापन करणारी मुक्तस्रोत प्रणाली, तिच्या 'सीकेए' परीक्षेत दोन तास चालू यंत्रणेवर कमांड लिहून कामे पुरी करावी लागतात. आपल्या विभागांच्या संगणकीय चाळणीत मात्र ही सर्व प्रमाणपत्रे 'सर्टिफिकेशन' या एकाच रकान्यात येऊन पडतात आणि तेथे पाठांतर आणि हातोटी यांचे मोल सारखेच होते.

परीक्षा देणाऱ्याला त्यासाठी काय मोजावे लागते, हेही पाहिले पाहिजे. एडब्ल्यूएसच्या असोसिएट पातळीच्या परीक्षेचे शुल्क दीडशे डॉलर आहे, म्हणजे कर धरण्यापूर्वीच बारा हजार रुपयांच्या पुढे. मोठ्या सेवा कंपन्यांत फ्रेशरचे वार्षिक वेतन गेली कित्येक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळलेले आहे, हे ध्यानात घेतले तर एका परीक्षेसाठी हाती पडणाऱ्या पगाराचा निम्मा महिना खर्ची पडतो असा हिशेब निघतो. अनेक कंपन्या ही रक्कम परत देतात, पण उत्तीर्ण झाल्यावरच. नापास होण्याची जोखीम कर्मचाऱ्याची. येथे एक गोष्ट उघडपणे बोलली जात नाही. अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्या आपल्या भागीदार कंपन्यांना ज्या श्रेणी देतात, त्यांसाठी प्रमाणपत्रधारक कर्मचाऱ्यांची संख्या मोजली जाते. परदेशी ग्राहकाला पाठवायच्या प्रस्तावातही ती संख्या ठळकपणे छापली जाते. भागीदारीचे नूतनीकरण जवळ आले की टीम लीडकडून 'या तिमाहीत एवढी सर्टिफिकेशन्स झालीच पाहिजेत' असा निरोप येतो आणि डम्पांची देवाणघेवाण वाढते, हे या व्यवसायातील कोणालाही नवे नाही. अशा वेळी प्रमाणपत्र कर्मचाऱ्याच्या प्रगतीसाठी असते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ते कंपनीच्या दर्जासाठी लागणारे सामान असते आणि सामानाचा खर्च कंपनीनेच करावयाचा असतो.

तरीही डेव्हलपर या कागदामागे का धावतो, याचे उत्तर त्याच्या भोळेपणात शोधणे योग्य होणार नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो, पण घेणाऱ्याला तो ठाऊक नसतो, अशा बाजारात चांगल्या मालालाही वाईट मालाचाच भाव मिळू लागतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हाच विचार नोकरीच्या बाजाराला लावला : आपली गुणवत्ता मालकाला थेट दाखवता येत नाही म्हणून उमेदवार काहीतरी कष्टसाध्य असे संकेतचिन्ह मिळवतो, आणि ते चिन्ह मिळवणे कमी गुणवत्तेच्या माणसाला अधिक जड जात असेल तोवरच त्याला अर्थ राहतो. डम्पांनी ही अटच मोडून काढली आहे. पण उमेदवाराची अडचण त्याने दूर होत नाही. मुक्तस्रोत प्रकल्पांत काम करणाऱ्याचा कोड जगासमोर असतो आणि कोणालाही तो वाचता येतो. पुण्यातल्या सेवा कंपनीत पाच वर्षे काम केलेल्या माणसाचा कोड मात्र करारानुसार ग्राहकाच्या मालकीचा असतो, तो बाहेर दाखवणे करारभंग ठरतो आणि पुष्कळदा ग्राहकाचे नावही घेता येत नाही. केलेले काम दाखवण्याची सोय ज्याच्यापाशी नाही, तो दाखवता येईल असा कागद विकत घेतो. भारतीय माहिती तंत्रज्ञान उद्योगाने याहून वेगळे काय केले होते? कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने आखलेल्या 'सीएमएम' या मोजपट्टीवर पाचवी पातळी मिळवण्याची चढाओढ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय कंपन्यांत लागली, ती याचसाठी की अटलांटिकपलीकडच्या ग्राहकाला बंगळुरू वा पुण्यातील कामाची प्रत स्वतः पाहता येत नव्हती. कंपनीला जे शहाणपण वाटले, तेच कर्मचाऱ्याने केल्यावर त्याला 'कागदी घोडे' म्हणता येणार नाही.

आता अनुभवाकडे वळू. आपल्या विभागांच्या जाहिरातींत अनुभव हा बहुधा 'तीन ते पाच वर्षे', 'किमान आठ वर्षे' अशा आकड्यांत मागितला जातो, म्हणजे तो काळाने मोजला जातो. काळ हे अनुभवाचे माप म्हणून किती कच्चे आहे, याविषयी औद्योगिक मानसशास्त्रात पुष्कळ संशोधन झाले आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींविषयीच्या पंचाऐंशी वर्षांच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात कामाचा नमुना करून घेण्याच्या चाचणीचा प्रत्यक्ष कामगिरीशी असलेला सहसंबंध ०.५४, तर अनुभवाच्या वर्षांचा केवळ ०.१८ आढळला. येथे सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती प्रमाणात एकमेकींबरोबर चढतात-उतरतात याचे उणे एक ते एक असे माप. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे जुने आकडे फुगलेले असल्याचे दाखवले, तेव्हा कामाच्या नमुन्याचा आकडाही ०.३३ वर आला आणि सर्वांना तेच प्रश्न त्याच निकषांवर विचारणारी, म्हणजे आखीव, मुलाखत ०.४२ सह वर सरकली. अनुभवाची वर्षे मात्र दोन्ही आढाव्यांत खालच्या भागातच राहिली. याचा अर्थ अनुभव निरुपयोगी आहे असा नव्हे. अनुभवाची लांबी मोजून त्याची खोली कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही खोली म्हणजे नेमके काय, ते एका साध्या दोषावरून दिसेल. बहुतेक सर्व्हर वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंदवतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. एखाद्या अहवालाने व्यवहाराची तारीख काढताना वेळेचे हे रूपांतर केले नाही, तर मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत झालेले सर्व व्यवहार आदल्या दिवसाच्या खात्यात पडतात. आणि तो दिवस महिन्याची १ तारीख असेल तर पहाटे दोनला झालेली विक्री मागच्या महिन्याच्या जीएसटी विवरणपत्रात जाऊन बसते. टेस्टिंग करणारे सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळेत नोंदी टाकून पाहतात, त्यामुळे सर्व चाचण्या हिरव्या दिसतात. महिनाअखेरीचा ताळमेळ दोन-तीनदा चुकल्यावर कोणीतरी चुकलेल्या नोंदींच्या वेळा कागदावर एकाखाली एक लिहून काढतो आणि त्या सगळ्या पहाटेच्याच आहेत हे त्याच्या ध्यानात येते. ज्याने एकदा हे केले आहे, तो पुढच्या प्रत्येक प्रणालीत तारखेचा रकाना दिसताच पहिला प्रश्न वेळक्षेत्राचा विचारतो. परीक्षेतील प्रश्नाला ही शिकवण देता येत नाही, कारण दोष आहे हे त्या प्रश्नानेच आधी सांगून टाकलेले असते आणि उत्तर चार पर्यायांत दडलेले असते. प्रत्यक्षात कठीण असते ते संशय कुठे घ्यायचा हे ठरवणे.

परंतु अशी खोली वर्षांबरोबर आपोआप येत नाही. एकाच विमा कंपनीच्या एकाच मॉड्यूलमध्ये अहवालांचे रकाने वाढवण्याची तिकिटे पाच वर्षे बंद करणारा माणूस आणि दोन वर्षांत तीन प्रणाली उभ्या होताना व एक कोसळताना पाहिलेला माणूस, यांपैकी आपल्या चाळणीतून पहिलाच सुटून पुढे जातो. त्या पहिल्या माणसाला डेटाबेसमधील एकाच वेळी चालणाऱ्या व्यवहारांची परस्परांपासून फारकत कशी राखतात, किंवा बॅकअपमधून माहिती परत कशी उभी करतात, याची कधी गरजच पडलेली नसते; आणि नेमक्या याच ठिकाणी चांगल्या प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम उपयोगी पडतो, कारण रोजच्या कामाने न दाखवलेला प्रदेश तो दाखवतो. प्रमाणपत्रातील सर्वांत मोलाचा भाग त्याचा अभ्यासक्रम आणि सर्वांत कमी मोलाचा भाग त्याचा कागद, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकच्या सहा महिन्यांच्या पदविका अभ्यासक्रमाला कंपन्यांत आजही जो मान आहे तो बहुधा याच कारणाने. त्यात दिवसभराची प्रयोगशाळा आणि अखेरीस प्रकल्प असतो. (सरकारी नोकऱ्यांसाठी लागणाऱ्या एमएस-सीआयटीशी याची तुलना करू नये, २००१ पासून चालू असलेले ते प्रमाणपत्र संगणकसाक्षरतेचे आहे आणि त्याहून अधिक काही असल्याचा त्याचा दावाही नाही.)

काही संस्थांनी परीक्षा आणि अनुभव यांची सांगड आधीच घातलेली आहे. माहिती सुरक्षेतील 'सीआयएसएसपी' हे प्रमाणपत्र केवळ परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळत नाही, तर ठरवून दिलेल्या क्षेत्रांतील पाच वर्षांच्या कामाचा पुरावाही द्यावा लागतो. तो नसल्यास उमेदवाराला केवळ 'असोसिएट' म्हणवून घेता येते. आपल्याकडे सनदी लेखापालाची आर्टिकलशिप याच तत्त्वावर उभी आहे. सॉफ्टवेअरमध्ये मात्र सक्तीच्या परवान्याचा प्रयोग तगला नाही : टेक्सास राज्याने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीला परवान्याच्या कक्षेत घेतले, २०१३ मध्ये त्यासाठी अमेरिकाभर चालणारी परीक्षा सुरू झाली आणि उमेदवारच न आल्यामुळे एप्रिल २०१९ नंतर ती बंद करण्यात आली. तात्पर्य, डॉक्टर वा सनदी लेखापाल यांच्याप्रमाणे एखादी वैधानिक परिषद या व्यवसायाच्या दाराशी उभी राहील अशी चिन्हे नाहीत, आणि म्हणून कामाची साक्ष देण्याची जबाबदारी ज्याच्याकडे काम झाले त्या मालकावरच येते.

ती जबाबदारी आज कशी पार पाडली जाते? कंपनीच्या लेटरहेडवर इंग्रजीत चार ओळी असतात : अमुक कर्मचारी क्रमांकाची व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर या पदावर होती, तिचे वर्तन समाधानकारक होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा. चार वर्षांचे काम या कागदावर दोन तारखा आणि एक पदनाम एवढेच उरते, आणि पदनामही प्रत्येक कंपनीत वेगळ्या मापाचे असते. बनावट अनुभवपत्रे विकणाऱ्या कन्सल्टन्सी फोफावल्या त्याचे आश्चर्य वाटायला नको, कारण दोन तारखा आणि एक पदनाम खोटे लिहिणे फार सोपे असते. त्यावरचा उपाय म्हणून नॅसकॉमने २००६ मध्ये नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली, आणि आता भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावरून नोकरीचा इतिहास ताडून पाहिला जातो. या पडताळणीने माणूस त्या कंपनीत होता हे सिद्ध होते. तेथे त्याने काय केले, हा प्रश्न पडताळणी करणाऱ्यालाही विचारता येत नाही, कारण त्याचे उत्तर कोठेच लिहिलेले नसते.

यावर आपल्या विभागांकडून गोपनीयतेचे कारण पुढे केले जाईल. ते कारण टिकण्यासारखे नाही, आणि याचा पुरावा आपल्याच फायलींत सापडेल. अमेरिकेत नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या अर्जासाठी अनुभवाचा पुरावा म्हणून मालकाचे असे पत्र लागते, ज्यात केलेल्या कामाचे नेमके वर्णन असले पाहिजे असे तेथील नियमच सांगतात. ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीकडे कौशल्याचे मूल्यमापन करून घेतानाही कर्तव्यांचे वर्णन असलेले पत्र मागितले जाते. पुण्या-मुंबईतून परदेशी गेलेले कितीतरी मराठी अभियंते अशा पत्रासाठी दहा वर्षांपूर्वीच्या कंपनीच्या दारी ईमेल धाडत राहतात. काही कंपन्या ते देतात, काही नाकारतात आणि मग जुन्या सहकाऱ्यांकडून प्रतिज्ञापत्रे गोळा करण्याची वेळ येते. ज्या कंपन्या देतात त्यांचे ग्राहक त्यामुळे तुटल्याचे दिसत नाही. जे व्हिसासाठी लिहिता येते, ते बाणेरहून बाणेरलाच नोकरी बदलणाऱ्यासाठी लिहिता येत नाही, हे पटण्यासारखे नाही.

जर्मनीत तर हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्कच आहे. तेथील व्यवसाय संहितेच्या कलम १०९ नुसार नोकरी सोडणाऱ्याला लेखी दाखला मिळतो, त्यात किमान कामाचे स्वरूप आणि कालावधी असावाच लागतो, आणि कर्मचाऱ्याने मागितल्यास कामगिरी व वर्तन यांचे मूल्यमापनही द्यावे लागते. या दुसऱ्या प्रकाराचे पुढे जे झाले ते सावध करणारे आहे : निंदा करता येत नाही म्हणून मालकांनी स्तुतीच्याच पायऱ्या पाडल्या, 'समाधानकारक', 'पूर्ण समाधानकारक' आणि 'सदैव पूर्ण समाधानकारक' अशा शब्दांचे सांकेतिक गुण बनले आणि ते उलगडून सांगणारी पुस्तकेही बाजारात आली. तेव्हा येथे मागणी आहे ती पहिल्या प्रकाराची, वर्णनाची, प्रशस्तीची नव्हे.

असे वर्णन किती लहान आणि किती निरुपद्रवी असू शकते, ते नमुन्यादाखल पाहावे : 'एका विमा कंपनीच्या दावे निकाली काढण्याच्या प्रणालीवर जावा आणि ओरॅकल डेटाबेस वापरून काम, पहिली दोन वर्षे चालू प्रणालीतील दोषदुरुस्ती, पुढील दीड वर्ष हप्त्यांच्या परताव्याच्या नव्या मॉड्यूलची रचना व लेखन, अखेरचे सहा महिने चौघांच्या कोडची तपासणी, या काळात आठवड्याआड रात्रीची ऑन-कॉल जबाबदारी.' यात ग्राहकाचे नाव नाही, व्यापारी गुपित नाही, गुणगानही नाही. तरीही मुलाखत घेणाऱ्याला यातून पाच तरी खरे प्रश्न सुचतील, आणि खोटे अनुभवपत्र घेऊन आलेल्याला त्यांची उत्तरे देणे जड जाईल.

म्हणून आपल्या विभागांकडे मागणे असे, की सोडून जाणाऱ्या प्रत्येक डेव्हलपरला अशा वर्णनासह अनुभवपत्र द्यावे आणि येणाऱ्याकडूनही तसेच मागावे. असे पत्र आणणाऱ्याला वर्षांच्या आकड्यात बसत नाही म्हणून पहिल्या चाळणीत बाद करू नये. प्रमाणपत्रांच्या रकान्यात हाताने करायच्या परीक्षा वेगळ्या नोंदवाव्यात. आणि ज्या प्रमाणपत्राचा आकडा भागीदारीसाठी वापरला जाणार आहे त्याचे शुल्क, नापास झालेल्या प्रयत्नासह, आणि अभ्यासाचा वेळ, कंपनीने उचलावा. फ्रेशरपाशी अनुभवपत्र नसते हे उघड आहे. त्याच्या बाबतीत चार तासांचे एखादे छोटे काम करून घेणे आणि त्यावर आखीव मुलाखत घेणे हे तीन प्रमाणपत्रांपेक्षा अधिक सांगून जाईल, आणि प्रत्येक परीक्षेमागे त्याचे बारा हजार रुपयेही वाचतील.

मॅनेजरांना हे लिहायला वेळ नाही, ही सबब राहते. मसुदा कर्मचाऱ्यानेच करावा, मॅनेजरने तो तपासावा, आपल्या विभागाने ग्राहकाची नावे गाळून सही करावी. नोटीस पिरियड बहुतेक कंपन्यांत साठ ते नव्वद दिवसांचा असतो आणि त्यातला बराचसा काळ हँडओव्हरच्या एक्सेल शीटा भरण्यात जातो. त्याच शीटांत या पत्राचा निम्मा मजकूर आधीच लिहिलेला असतो.

कळावे.